मामाचा शब्द

वाइरुका, पापुआ
९ फेब्रुवारी १९१२

दादा,

हे पत्र फाडणार असशील तर त्याआधी आकेनेसे वहिनीच्या हातात दे. ती मोठ्याने वाचेल आणि तू पाठ फिरवून बसून सगळं ऐकशील, हे मला इथून दिसतंय. आधीच्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. नको देऊस. पण सामोआत बहिणीशी अबोला धरणाऱ्या भावाकडे लोक कसे बघतात ते तुला मी सांगायला नको. तू घराण्याचा कर्ता, गावच्या बैठकीत खांबाला टेकून बसणारा. तुझ्या बहिणीचं, फुआतिनोचं कसं चाललंय, असं तिथे तुला कोणीच विचारत नाही?

तर बरं चाललंय. तुझ्या मेहुण्याला, पेनिआमिनाला ताप येतो, जातो. तो क्विनीन गिळतो, तोंड वाकडं करतो आणि पुन्हा शाळेत जाऊन उभा राहतो. शाळा म्हणजे प्रार्थनाघराच्या मागचं छप्पर. पोरं सकाळी येतात आणि दुपारी आयांबरोबर सागोच्या झाडाचा गर कुटायला जातात. मी बायकांना शिवण शिकवते. पहिलं वर्षभर त्या सुई बघूनच हसायच्या. आता शिवतात, पण हसणं काही थांबलेलं नाही. इथे कोणाच्या घरची वस्तू चांगली आहे म्हणायची सोय नाही, लगेच ती आपल्या हातात ठेवतात. मी एकदा एका डुकराच्या पिल्लाचं कौतुक करून बसले. पुढे ते पिल्लू आमच्या अंगणात म्हातारं झालं.

एक वाईट गोष्ट घडली. पेनिआमिना शाळेच्या मुलींना घेऊन ओहोटीला खडकावर शिंपल्या काढायला गेला होता. भरती चढायला लागली, सगळ्यांना होडीत घेतलं, गाणी म्हणत किनाऱ्याला आले, तेव्हा कळलं हाने नाही. हाने म्हणजे गेवाची मुलगी. गेवा विधवा, तिला हीच एक. पोरगी दुसऱ्या दिवशी सापडली, बुडालेली.

गाव गप्प झालं. आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. पेनिआमिनाने आपल्याकडे माफी मागायला करतात तेच केलं. उजाडायच्या आत आम्ही गेवाच्या दारासमोर जाऊन खाली बसलो आणि लग्नात आईने दिलेली बारीक विणीची चटई डोक्यावरून घेतली. तुझी भाची रुता माझ्या मांडीवर होती, तिला एकटी घरी कशी ठेवणार? तुला माहीत आहे त्या चटईखाली काय वाटतं ते. समोरचा माणूस चटई उचलेल की डोक्यात कुऱ्हाड घालेल, काही कळत नाही. गेवा बाहेर आली. तिने चटई उचलली. माझा जीव भांड्यात पडला. पेनिआमिना तर लहान मुलासारखा रडला. तिने काही न बोलता रुताचा हात धरला, तिला आत नेलं आणि खायला दिलं. एवढं मोठं मन मी आपल्या गावातही पाहिलेलं नाही.

रुता सध्या गेवाकडे खेळते. जेवणही तिथेच होतं. बाकी सगळे खुशाल.

तुझी बहीण,
फुआतिनो

*

२ मार्च

दादा,

बोट आलेली नाही, तेव्हा मागचं पत्र अजून इथेच पेटीत आहे. दोन्ही तुला एकदमच मिळतील. त्या पत्रात खोटं काही नाही, पण सगळं लिहिलेलं नाही.

रुता खेळायला गेलेली नाही. ती घरी येतच नाही.

पहिल्या दिवशी वाटलं, गेवाचं दुःख ताजं आहे, असू दे पोरगी तिच्याजवळ. दुसऱ्या दिवशी मी आणायला गेले. गेवाने मला पाणी दिलं, बसायला दिलं, आणि रुताचे केस विंचरत राहिली.

मी म्हटलं, "चल गं, घरी जायचं."

रुता उठली. गेवाने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि मला म्हणाली, "बाई, दिलेलं परत न्यायला कोणी येतं का?"

"दिलेलं? काय दिलंय?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच तिची थट्टा करतेय.

मग मी हितोलो आजोबांकडे धावले. ते गेवाचे मामा आणि गावातले सगळ्यात वडील. त्यांनी मला सांगितलं ते तुला तसंच सांगते. इथे एखाद्याच्या हातून दुसऱ्याचं माणूस गेलं, तर त्याने आपल्या घरचं माणूस पांघरूण घालून त्या दारात आणून बसवायचं. त्या घरच्यांनी पांघरूण काढलं की ते माणूस त्यांचं. मुलग्याला मुलगा, मुलीला मुलगी. मग भांडण मिटलं, सूड मिटला, दोन्ही घरं एकमेकांकडे जेवायला मोकळी.

"आम्हाला वाटलं, या परदेशी पाळकाला आपली रीत कोणी शिकवली?" आजोबा म्हणाले. "गावातले रडले त्या दिवशी. म्हणाले, खरा माणूस आहे, एकुलती एक पोर आणून दिली."

दादा, आम्ही माफी मागायला बसलो होतो आणि पोरगी देऊन आलो.

पेनिआमिना तडक गेवाकडे गेला आणि आमच्या देशात याचा अर्थ वेगळा आहे म्हणून समजावून सांगायला लागला. आजूबाजूचे लोक जमले. एकजण म्हणाला, "म्हणजे हानेच्या बदल्यात तुम्ही काहीच दिलं नाही?" पेनिआमिना परत आला आणि पायरीवर बसला. त्या दिवसापासून रविवारी प्रार्थनाघरात आम्ही दोघंच असतो. कोणी सागो देत नाही. आमची होडी किनाऱ्यावर होती तिथून हलली आहे, कुठे गेली ते कोणी सांगत नाही.

मी रोज गेवाच्या कुंपणाशी जाते. आत जायला मला कोणी अडवत नाही, बोलतात, हसतात. फक्त रुताला घेऊन निघाले की चार माणसं वाटेवर येऊन उभी राहतात. गेवा तिला हाने म्हणून हाक मारते. आधी रुता वळून बघायची नाही. काल वळली.

आज हितोलो आजोबा स्वतः आमच्या पायरीशी आले. उभ्याउभ्याच विचारलं, "पोरीचा मामा कुठाय?"

मी म्हटलं, "मामा सामोआत. का?"

"आमच्यात पोर बापाची नसते, मामाची असते. बापाने आणून बसवली, ठीक. पण मामा अजून बोललेला नाही. तो हो म्हणाला की ती कायमची गेवाची. नाही म्हणाला तर गेवाला परत द्यावी लागेल, आणि तुझ्या नवऱ्याने दुसरं काय द्यायचं ते आम्ही बसून ठरवू. मामाला विचार."

मग मान तिरकी करून म्हणाले, "भाऊ तुझं ऐकतो ना?"

मी म्हटलं, "ऐकतो."

*

२० एप्रिल

दादा,

बोट उभी आहे आणि मी गुडघ्यावर कागद ठेवून लिहितेय, अक्षर समजून घे.

मिशनचे हार्ग्रेव्ह साहेब आलेत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि लगेच म्हणाले, "सोपं आहे. माझ्याबरोबर बंदुकीवाले दोन शिपाई आहेत. मुलगी उचला, बोटीत घाला, आणि निघा. तुम्हाला मी दुसरं गाव देतो."

"आणि इथली शाळा?" पेनिआमिनाने विचारलं.

"शाळा कुठेही काढता येते हो."

दादा, माझे पाय त्या क्षणी गेवाच्या घराकडे वळले होते. पोरीला उचलायचं आणि पळायचं, बस्स. पण किनाऱ्यावर गावचे पुरुष उभे होते. हात रिकामे, भाले बाजूला वाळूत रोवलेले, हाताला लागतील असे. त्यांच्यात माझ्या शिवणाच्या वर्गातल्या बाईचा नवरा होता. पेनिआमिनाने पहिल्यांदा बाप्तिस्मा दिला तो माणूस होता. शिपायांनी बंदूक उचलली असती तर त्यांनी भाले उचलले असते, आणि मधे रुता.

पेनिआमिना म्हणाला, "साहेब, तिने चटई उचलली म्हणून मी जिवंत घरी गेलो. आता बंदूक घेऊन तिच्या दारात कसा जाऊ?"

साहेब चिडले. तुम्हा बेटावरच्या लोकांना आपापल्या रीती देवापेक्षा मोठ्या, म्हणाले. मग जरा निवळले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मामाचं पत्रच हवंय ना त्यांना? मग तूच लिही. पुढच्या फेरीला मी ते बोटीवरून उतरवतो. इथे कोणाला वाचता येतंय?"

मी ताबडतोब नाही म्हटलं, असं तुला सांगायला मला आवडलं असतं. उलट मी तुझं अक्षर कसं आहे, ते आठवायला लागले. पण माझ्याच शाळेतल्या पोरींना मी अक्षरं शिकवली आहेत, आणि त्यातली एखादी उद्या मोठी होऊन ते पत्र मागेल. शिवाय तू आहेस. तू जिवंत असताना तुझ्या नावाने मी शब्द तयार करायचा, म्हणजे तू मेलास असंच धरायचं. आपल्यात एवढं अजून झालेलं नाही.

म्हणून मागतेय. तुझ्याकडून काही मागायला माझी जीभ रेटत नाही, तरी मागतेय. एवढंच लिही: मी माझी भाची कोणाला दिलेली नाही.

आणि एक गोष्ट लपवून तुझ्याकडून शब्द घ्यायचा नाही, असं ठरवलंय. आम्ही इकडे यायला निघालो तेव्हा तू रीतसर आलास, चटया घेऊन, भाजलेली डुकरं घेऊन, गावातली चार मोठी माणसं घेऊन. वहिनी दारात उभी होती. तुमच्या घरात मूल नाही, रुताला आमच्याकडे ठेवून जा म्हणालात. आपल्याकडे भावाला मूल देतात, त्यात नवीन काही नाही. मी नाही म्हटलं, सगळ्यांदेखत. तू चटया तिथेच टाकून निघून गेलास. आज पुन्हा विचारलंस तर मी पुन्हा नाही म्हणेन. माझी ती एकच आहे. हे माहीत असताना लिहायचं असेल तर लिही.

साहेब हाक मारतायत.

फुआतिनो

*

१४ जुलै

दादा,

बोट नाही, उत्तर नाही. हे पत्र कधी जाईल माहीत नाही. पण कोणाशी तरी बोलायला हवं. पेनिआमिना तापात पडून आहे आणि तापात नसतो तेव्हा माझ्या नजरेला नजर देत नाही.

मी आता रोज गेवाबरोबर सागो कुटायला जाते. ठरवून नाही गेले. कुंपणाशी उभं राहून राहून एक दिवस तिनेच कुटण्याचा दांडा माझ्या हातात दिला. "उभीच आहेस तर काम कर," म्हणाली. रुता आमच्या मधे चिखलात खेळते. मला आई म्हणते, गेवाला गेवा म्हणते, आणि हाने म्हटलं तरी ओ देते. दोघींच्या कामाचा ताल जुळला नाही की गेवा मला शिव्या घालते. माझ्या दांड्याचा आवाज ऐकून ती म्हणते, "देवाची बाई कुटतेय की देवाला मारतेय?" बाकीच्या बायका पोट धरून हसतात. मीही हसते. मग आठवतं मी तिथे का आहे, आणि हसू अर्ध्यावर थांबतं.

मला तिचा राग राग करायचा आहे, दादा. जमत नाहीये. रुताला ताप भरला तेव्हा मी क्विनीन घेऊन पळाले. गेवा तिला छातीशी धरून बसली होती, हात अवघडला तरी बदलत नव्हती, तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता. मी गोळी दिली, तिने पोरीचं नाक दाबून ती गिळायला लावली. मग आम्ही दोघी दोन्ही बाजूंना बसून राहिलो.

त्या दिवशी मी तिला विचारलं. इतके महिने विचारायचं टाळत होते. "हाने बुडाली कशी गं? तुमच्या पोरी तर चालायच्या आधी पोहतात."

ती रुताच्या कपाळावरची ओली पट्टी बदलत म्हणाली, "हानेला पोहता येत होतं. तुझ्या झग्याला येत नव्हतं."

झगा मीच शिवला होता. मान झाकणारा, पोटऱ्या झाकणारा, जाड कापडाचा. शाळेच्या सगळ्या मुलींना मी तसेच शिवले. अंग झाकलं पाहिजे, असं आम्हाला शिकवून पाठवलंय आणि मी ते तसंच इथे शिकवलं. खडकावर जातानासुद्धा कोणी झगा काढायचा नाही, हा नियम माझा, पेनिआमिनाचा नाही. तो बिचारा मुली मोजत राहिला आणि दोष घेत राहिला.

मी गेवाला म्हटलं, "तुला हे पहिल्यापासून माहीत होतं?"

"ओढून काढली मीच ना तिला. सगळं कापड पायात अडकलं होतं."

"मग चटई का उचललीस?"

"तू पोर घेऊन बसली होतीस," ती म्हणाली. "मला वाटलं, हिलाही माहीत आहे."

घरी येऊन मी पेनिआमिनाला सगळं सांगितलं. तो छपराकडे बघत म्हणाला, "उद्यापासून पाण्यात झगा नको." बस, तेवढंच. पाच वर्षं शिकवून आम्ही एवढं शिकलो.

तुझं उत्तर येऊ नये, असं आज क्षणभर वाटलं. हे वाचून तू काय म्हणशील, म्हण.

*

११ सप्टेंबर

दादा,

आलं. तुझं पत्र आलं.

बोटीचा भोंगा ऐकून मी सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरले. साहेबांनी लिफाफा वर धरला आणि मी तुझं अक्षर लांबून ओळखलं. उघडायची हिंमत होईना. उघडलं तर जेमतेम तीन वाक्यं. ना कशी आहेस, ना वहिनीचा नमस्कार.

"मुलगी माझी आहे. मी ती कोणाला दिलेली नाही. तिला माझ्या घरी पाठवा."

तिसरं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. वाटलं, ते गिळून टाकावं, पहिली दोनच सांगावीत. लोकांना काय कळणार होतं? पण हितोलो आजोबांनी सगळ्या गावाला प्रार्थनाघरासमोर बसवलं होतं, आणि गेवा अगदी पुढे, रुताला मांडीवर घेऊन. तिच्यासमोर मला अर्धं वाचता येईना. मी तिन्ही वाक्यं वाचली आणि त्यांच्या भाषेत सांगितली.

कोणी हललं नाही. भाले घेतलेली पोरं कुठे बघतायत ते मी बघत होते. पेनिआमिना माझ्या शेजारी उभा होता.

आजोबा म्हणाले, "मामा बोलला."

एवढंच. गेवा उठली. मला वाटलं आता ही ओरडेल, पोरीला घेऊन पळेल. मी असते तर पळाले असते. तिने रुताच्या गळ्यातली शिंपल्यांची माळ सारखी केली, तिचा हात धरून माझ्यापर्यंत आली आणि तो माझ्या हातात दिला. रुताने मागे वळून तिच्याकडे बघितलं तर गेवानेच तिला माझ्या दिशेने हलकंसं ढकललं. मग ती घरी गेली. त्या घराच्या दाराला कवाड नाही, नाहीतर तिने लावून घेतलं असतं.

हानेच्या बदल्यात पेनिआमिनाने काय द्यायचं, ते बैठकीने ठरवलं. वर्षभर तो गेवाच्या शेतात खपणार, तिच्यासाठी नवी होडी करणार. तो लगेच हो म्हणाला. मी त्याला इतका हलका झालेला वर्षभरात बघितला नव्हता.

रुता घरी आहे. माझ्या पलीकडे झोपली आहे.

आता तुझ्या तिसऱ्या वाक्याविषयी. दादा, मी तुला आधीच लिहिलं होतं. मी पाठवणार नाही. तुझ्या शब्दाने ती परत आली, त्याचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण ती माझी आहे. रागावायचं तर रागाव. तुझा अबोला मला नवीन नाही.

दुसऱ्या दिवशी, त्याच कागदावर:

हे पत्र काल बंद केलं असतं तर बरं झालं असतं.

आज सकाळी गेवा आली. कुंपणाबाहेरच उभी राहिली, हातात सागोची भाकरी रुतासाठी. मी म्हटलं आत ये. आली नाही.

"तुझा भाऊ तिला न्यायला कधी येतोय?" तिने विचारलं.

"तो नाही येणार."

"मग तू पाठवणार?"

मी म्हटलं, "नाही. ती माझ्याकडेच राहणार."

तिला कळेना. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दादा. ती खरंच समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. "पण मामा बोललाय ना? सगळ्यांसमोर तूच वाचलंस."

"वाचलं."

"त्याचा शब्द खरा असेल तर ती त्याच्याकडे गेली पाहिजे. खोटा असेल तर माझ्याकडे परत दे." भाकरी तिने कुंपणाच्या खांबावर ठेवली. "मी तिला कोणाच्या शब्दावर सोडली, बाई?"

मग ती शेतात निघून गेली.

*

३ ऑक्टोबर

दादा, आणि आकेनेसे वहिनी,

हे पत्र रुताच्या मागोमाग मिशनच्या ठाण्यावर पाठवतेय, तिथून ते तिच्या गाठोड्यातच येईल. ती इओआने पाळकांबरोबर येतेय. ते पलीकडच्या ठाण्यावरून कायमचे घरी परत निघालेत, बायको बरोबर आहे, चांगली माणसं आहेत. मी येत नाही. आले तर तिला तुमच्या दारात सोडून माघारी फिरणं मला जमणार नाही, आणि इथे पेनिआमिनाला गेवाची होडी पुरी करायची आहे.

खूप वाटा शोधल्या मी. गेवालाच परत द्यावी, म्हणजे रोज डोळ्यांसमोर तरी राहील, असंही मनात आलं. पेनिआमिनाने मला तसं बोलू दिलं आणि मग विचारलं, "ते गेवासाठी की तुझ्यासाठी?" त्याला मी शिव्या दिल्या. पण त्याने बरोबर पकडलं होतं. मामाचा शब्द वाचून दाखवला तो मी. गेवाने तो पाळला. रविवारी पेनिआमिना खरेपणावर बोलायला उभा राहतो आणि पहिल्या ओळीत गेवा बसलेली असते. आता ती पुन्हा यायला लागलीय.

तू असं समजू नकोस की तू जिंकलास. मी तिला तुझ्यासाठी पाठवत नाहीये. तू रीतसर मागितलीस तेव्हा दिली नाही, आताही तुला म्हणून दिली नसती. गेवासमोरून मला मान वर करून जाता आलं पाहिजे, म्हणून पाठवतेय. वहिनी, तुला मात्र मनापासून देतेय. त्या दिवशी दारात तू उभी होतीस आणि मी तुझ्याकडे बघितलंही नाही.

किनाऱ्यावर गेवा आली होती. रुता होडीत बसायला तयार होईना, माझ्या कमरेला मिठी मारून बसली. मी सोडवू शकले नाही. गेवाने सोडवली. एकेक बोट सोडवलं, तिच्या कानात त्यांच्या भाषेत काही सांगितलं आणि उचलून होडीत ठेवलं. काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही. मग आम्ही दोघी बोट दिसेनाशी होईपर्यंत उभ्या होतो. ती म्हणाली, "चल, सागो सडून जाईल." आम्ही कुटायला गेलो.

आता नीट ऐका. तिचे पुढचे दोन दात पडलेत, ऊस सोलून बारीक करून द्या. अळवाचा कंद तिला आवडत नाही, खायला लावू नका, मागून आपोआप खाते. ताप आला की आधी तिचे पाय गार पडतात, कपाळ मागून तापतं. पायांना हात लावून बघत जा. पाण्यात जाऊ द्या, अडवू नका, पण अंगात कपडा असताना जाऊ देऊ नका, गावातलं कोणी काहीही म्हणो. तिला हाने म्हणून हाक मारलीत तरी ओ देईल, पण मारू नका.

झोपेत ती कधीकधी हाक मारते. ती मला नसते, गेवाला असते. तेव्हा तिला उठवू नका, चुकलं म्हणू नका, "ओ" म्हणा आणि पाठीवरून हात फिरवा. लगेच शांत होते.

फुआतिनो